जीसी-एमएसमध्ये हवा शिरत होती: मार्च महिन्यातल्या प्रकल्प नोंदी

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या सामायिक उपकरण कक्षात मी तांत्रिक सहायक आहे. कक्षात जीसी-एमएस एकच आहे: आधी लांब नळीत नमुन्यातले घटक वेगळे करणारं (जीसी) आणि मग निर्वात भागात त्यांचं वस्तुमान मोजून ते ओळखणारं (एमएस) यंत्र. सिंगल क्वाड्रुपोल (वस्तुमानानुसार आयन गाळणारा भाग एकच), टर्बो पंप (निर्वात करणारा पंप), नऊ वर्षांचं. जानेवारी ते एप्रिल हळदीच्या तेलाचे नमुने येत असतात, त्यामुळे या दिवसांत यंत्र बंद पडलं की पाच-सहा जणांचं काम अडतं. या वेळी हवेच्या गळतीने माझे जवळजवळ दोन आठवडे खाल्ले. त्यातले निम्मे वाचले असते. रोज वहीत लिहीत गेले, तेच इथे उतरवते आहे. असंच यंत्र सांभाळणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा, एवढ्यासाठी.

आकड्यांबद्दल आधीच सांगते. ट्यून करताना, म्हणजे यंत्राची जुळणी तपासताना, पीएफटीबीए या प्रमाण द्रव्याचा ६९ वस्तुमानाचा पीक (शिखर) १०० धरून बाकीचे पीक टक्क्यांत येतात. १८ म्हणजे पाणी, २८ नायट्रोजन, ३२ ऑक्सिजन, ४० अरगॉन. आमच्या यंत्राचा २८ एरवी ३ ते ४ टक्के असतो.

शनिवार, १ मार्च

जुना कॉलम (घटक वेगळे करणारी बारीक नळी) फार ब्लीड करत होता, म्हणजे त्याचा आतला थर झिजून बाहेर येत होता, म्हणून नवा घातला. ३० मीटर, ०.२५ मिमी, ५ टक्के फेनिल. सोर्स (आयन तयार होतात तो भाग) आणि क्वाड थंड व्हायला तास गेला, मग व्हेंट केलं, म्हणजे निर्वात भागात हवा सोडली. एमएसच्या बाजूला नवा व्हेस्पेल-ग्रॅफाइट फेरूल (कॉलमभोवती आवळून बसणारं कडं) घातला. कॉलम फेरूलमधून ओवून झाल्यावर टोक पुन्हा कापलं. आधी कापलेलं टोक फेरूलमधून जाताना भुगा आत घेतं, म्हणून हे कधी चुकवत नाही. साइड प्लेट (एमएसच्या बाजूचं झाकण) उघडलीच होती, तर सोर्सवरही नजर टाकली. दीड वाजता साइड प्लेट लावून पंप सुरू केला. टर्बो वीस मिनिटांत पूर्ण वेगाला आला. सगळं बरं वाटलं आणि मी घरी गेले.

साइड प्लेटच्या ओ-रिंगकडे त्या दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं. ते पुढे येईल.

सोमवार, ३ मार्च

सकाळी ट्यून. २८ आला ३८ टक्के, ३२ आला ९, पाणी ६. अठ्ठावीस-बत्तीसचं प्रमाण चारास एकच्या आसपास, म्हणजे ही सरळ बाहेरची हवा. नुसतं पाणी जास्त असतं तर काळजी नव्हती. उघडलेल्या यंत्राच्या भिंतींवर दमट हवा बसते आणि ती निघायला वेळ लागतो.

तरीही मी दिवसभर थांबले. संध्याकाळपर्यंत खाली येईल अशी आशा होती. पाच वाजता पाणी ६ वरून २ वर आलं होतं, २८ मात्र ३७ वरच. दुपारी बारालाच हे कळायला हवं होतं. पाणी उतरतंय आणि नायट्रोजन जागचा हलत नाही, तेव्हा वाट पाहून काही होत नाही. एक दिवस गेला.

मंगळवार, ४ मार्च

आजचा दिवस सगळ्यात वाईट.

एमएस इंटरफेसचा (कॉलम एमएसमध्ये शिरतो तिथला) नट गरम असतानाच पाव फेरा आवळला. २८ दहा मिनिटांत ३८ वरून २१ वर आला. हाताला यश लागलं असं वाटलं. अजून पाव फेरा दिला. काही फरक नाही. म्हणून अजून थोडा. पाना हातात असताना काहीतरी सैल पडल्यासारखं जाणवलं, आवाज नव्हता. स्क्रीनवर २८ चढत ५५ वर गेला आणि व्हॅक्यूमचा आकडाही बिघडला.

तिथेच फिलामेंट (सोर्समधली तापणारी तार) बंद करायला हवा होता. मी तासभर तसाच चालू ठेवून बाकीचे नट तपासत बसले. तो तास फिलामेंट क्रमांक एकला भोवला. उतारावर होताच, पण इतक्या हवेत तापलेली तार टिकत नाही.

व्हेंट करून नट काढला. फेरूल नटातच रुतून बसला होता आणि त्याच्या आत कॉलमला चीर गेली होती. आमच्या यंत्रात इंटरफेसच्या फेरूलचं निमुळतं तोंड नटाकडे असतं, इंजेक्टरच्या बाजूला उलटं. त्यामुळे जास्त आवळलं की तो नटातच घट्ट होतो. कार्यशाळेतून आणलेल्या बारीक दाभणाने मधलं भोक मोठं करत तो तुकड्या-तुकड्यांनी काढला. नटाच्या आतल्या उतारावर ओरखडा येऊ नये म्हणून पाऊण तास लागला. कॉलमचे दहा सेंटिमीटर कापून टाकले. फिलामेंट बदलला.

नवा फेरूल घालताना बोटाने घट्ट केला आणि पान्याने जेमतेम पाव फेरा दिला. कॉलम हलकेच ओढून पाहिला, सरकला नाही. तेवढ्यावर थांबले. साइड प्लेट लावली, पंप सुरू केला, रात्रभर सोडून दिलं.

बुधवार, ५ मार्च

२८ आला १९, ३२ साडेचार. म्हणजे फेरूल दोषी होता, पण एकटाच नव्हता.

आज पहिल्यांदा शांतपणे बसून विचार केला. एकेक व्हेंट म्हणजे एक दिवस जातो: थंड करायला तास, कामाला तास, पुन्हा व्हॅक्यूम मुरायला रात्र. त्यामुळे पाना उचलण्याआधी एवढंच कळायला हवं होतं की हवा कॉलममधून येतेय की थेट एमएसमध्ये. इंटरफेसला बिनभोकाचा फेरूल लावून पाहता आलं असतं, पण त्यालाही व्हेंट करावंच लागलं असतं. म्हणून प्रवाह दुप्पट करून पाहिला. यंत्र न उघडता होणारी ही परीक्षा आहे आणि ती सोमवारीच करायला हवी होती.

ओव्हन ५० अंशांवर स्थिर, हेलियम (नमुना कॉलममधून वाहून नेणारा वायू) मिनिटाला १ मिली. २८ च्या पीकची मूळ उंची लिहून घेतली: सुमारे ४ लाख १० हजार. मग प्रवाह २ मिली केला आणि पंधरा मिनिटं थांबले. उंची ४ लाख २० हजार. जवळपास तीच. हवा गॅसच्या नळीतून, सिलिंडरकडून किंवा इंजेक्टरमधून (नमुना आत सोडतात तिथून) येत असती तर दुप्पट हेलियमबरोबर हवाही दुपटीने आली असती. ती तेवढीच राहिली, म्हणजे भोक एमएसच्याच बाजूला.

हे करताना टक्के पाहू नका. प्रवाह वाढवला की ६९ चा पीक स्वतः खाली येतो, त्यामुळे टक्के वाढलेले दिसतात. मी पहिल्यांदा टक्केच पाहिले आणि अर्धा तास इंजेक्टरवर संशय घेत बसले. त्याचा सेप्टम (रबरी पडदा) बदलला, लायनरची (आतल्या काचनळीची) ओ-रिंग बदलली. दोन्ही विनाकारण.

गुरुवार, ६ मार्च

एमएसची बाजू म्हणजे तरी कितीतरी जागा: इंटरफेसचा नट, साइड प्लेट, व्हेंटची चावी, कॅलिब्रेशनची बाटली, मागचा पंपाचा होज. यातल्या नेमक्या कोणत्या जागेत हवा शिरते हे अरगॉनने कळतं. कुपवाड एमआयडीसीत टिग वेल्डिंग करणाऱ्या एका कारखान्यातून छोटा सिलिंडर उसना आणला. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. रिक्षाचे मात्र ४०० रुपये झाले.

बारीक नळीच्या टोकाला सुई लावली. प्रवाह इतका कमी ठेवला की ओठांजवळ धरल्यावर जेमतेम जाणवावा. मॅन्युअल ट्यूनमध्ये ४० चा पीक उघडा ठेवला. हवेतच एक टक्क्याच्या आत-बाहेर अरगॉन असतो, त्यामुळे ४० कधी शून्य होत नाही. पाहायची ती उडी.

पहिला अर्धा तास पुन्हा वाया गेला. ओव्हनचा पंखा चालू होता. कुठेही अरगॉन सोडला तरी पंखा तो सगळीकडे उडवत होता आणि प्रत्येक सांधा गळका दिसत होता. मग ओव्हन बंद केला, दार उघडं ठेवलं, दहा मिनिटं थांबले. अरगॉन हवेपेक्षा जड, खाली बसतो. म्हणून खालून वर सरकत गेले. वरून सुरुवात केली तर खाली उतरणारा गॅस भलत्याच भोकात शिरतो आणि दोष वरच्या सांध्यावर जातो. एका जागी दोन-तीन सेकंद, मग पंधरा सेकंद वाट.

मागचा होज: काही नाही. व्हेंटची चावी: काही नाही. कॅलिब्रेशनची बाटली: काही नाही. इंटरफेसचा नट: अगदी किंचित, दुर्लक्ष करण्याइतकं. साइड प्लेटच्या खालच्या कडेने सुई नेली. पुढच्या कोपऱ्याला शांत होतं. मागच्या कोपऱ्याशी पोचले आणि ४० सहापटीने वर गेला. सुई काढली, खाली आला. पुन्हा धरली, पुन्हा वर. कक्षातले मदतनीस मामा टॉर्च धरून शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, इथंच हाय." मला तरी पाच वेळा पाहिल्याशिवाय धीर होईना.

साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघू, असं कुणी सुचवेल. इथे बिलकूल लावू नका. व्हॅक्यूमच्या बाजूला बुडबुडा येतच नाही, फेस आत ओढला जातो आणि मग महिनाभर तो स्पेक्ट्रममध्ये दिसत राहतो. ॲसिटोन टाकून ४३ आणि ५८ पाहणारेही आहेत. चालतं, पण मी टाळते. अरगॉन मागे काहीच ठेवत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

व्हेंट. साइड प्लेट उघडली आणि टॉर्च तिरका धरून ओ-रिंगवरून फिरवला. समोरून उजेड टाकला असता तर काहीच दिसलं नसतं. मागच्या कोपऱ्यात काळ्या रबरावर एक केस आडवा पडला होता. लांबी दीड सेंटिमीटर असेल. चिमट्याने उचलला तेव्हा त्याच्या जागी रबरात केसाएवढीच बारीक खाच उमटलेली दिसली. इतक्या दिवसांच्या दाबाने तो रुतून बसला होता. केस माझाच होता.

ओ-रिंग काढून धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडी पुसली, खाचही पुसली. ग्रीस लावलं नाही. खाचेच्या जागी रबर फाटलंय का हे नखाने चाचपून पाहिलं. फाटलं नव्हतं, रात्रीत भरून येईल असं वाटलं. तरी एक ओ-रिंग मागवून ठेवली, १,८०० रुपये. प्लेट लावून पंप सुरू केला आणि पहिली काही सेकंद तळव्याने प्लेट हलकेच दाबून धरली. प्लेटचे स्क्रू आवळायचे नसतात, व्हॅक्यूमच तिला ओढून घेतो. स्क्रू आवळले की प्लेट एका कोपऱ्याने तिरकी बसते.

आता उघडताना टोपी घालते. कक्षाचा पंखाही बंद करते.

शनिवार, ८ मार्च

२८ आला ७, ३२ दीडच्या आसपास. पाणी ४, ते उतरेल. मला ३ हवा होता, पण लोक आठवडाभर थांबले होते. मी "झालं" म्हणून जाहीर केलं आणि वीस नमुन्यांची रांग लावून दिली. ही माझी पुढची चूक.

सोमवार, १० मार्च

वीस नमुने होऊन गेले. शेवटच्या चार क्रोमॅटोग्रॅममध्ये (निकालाच्या आलेखांत) ओव्हनचं तापमान वर जाताना बेसलाइन (तळरेषा) चढत होती, २०७ आणि २८१ वाढलेले. नवा कॉलम इतक्या लवकर ब्लीड करत नाही. तापलेल्या कॉलमला ऑक्सिजन मिळाला की त्याचा आतला थर जळतो, आणि २०७ त्याचीच खूण. ट्यून केलं: २८ पुन्हा १६.

आज घाई केली नाही. आधी प्रवाह दुप्पट: उंची तीच, म्हणजे एमएसची बाजू. मग अरगॉन: साइड प्लेट शांत, इंटरफेसच्या नटाशी मोठी उडी. व्हेस्पेल-ग्रॅफाइट फेरूल नवा असताना गरम-थंड होत आकसतो. वीस वेळा ओव्हन वर-खाली झाला आणि नट सैल पडला. हे प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेलं असतं, मलाही माहीत होतं. पण मंगळवारी चीर पडल्यापासून त्या नटाला हात लावायची भीती बसली होती, म्हणून शनिवारी मी तो पुन्हा पाहिलाच नाही.

ओव्हन थंड, स्क्रीनवर २८ उघडा. मार्करने नटावर आणि शेजारच्या धातूवर एक सरळ रेघ ओढली. फेऱ्याचा आठवा भाग आवळला. २८ दोन मिनिटांत ५ वर. तिथेच पाना ठेवला. रेघ आता किती सरकली हे दिसतं, त्यामुळे पुढच्या वेळी अंदाजाने आवळावं लागणार नाही.

नव्या फेरूलनंतर पहिल्या पाच-सहा रनांनी एकदा, मग पंधरा-वीस रनांनी एकदा पाहायचं, असं आता ठरवलंय. स्प्रिंगचे आपोआप आवळणारे नटही मिळतात. महाग आहेत, पण आमच्यासारख्या अनेकांच्या हातातल्या यंत्राला ते घ्यावेत असं माझं मत झालं आहे. मागणीपत्र दिलं.

मंगळवार, ११ मार्च

एक संशोधक विद्यार्थिनी आली. हरिपूरच्या उरल्यासुरल्या पेवांतली (जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्यांतली) राजापुरी हळद आणि पोत्यातली हळद यांच्या तेलात काय फरक पडतो, हा तिचा विषय आहे. टर्मेरोन हे हळदीच्या तेलातले मुख्य घटक. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या नमुन्यात अर-टर्मेरोन फारच जास्त आणि अल्फा-टर्मेरोन कमी आलंय. लीकमुळे का?"

मला तिला खरं उत्तर द्यायचं होतं, म्हणून तिच्यासमोरच तपासलं. तेच तेल नव्याने काढून क्लेव्हेंजरमधून (तेल काढायच्या काचेच्या उपकरणातून) थेट तपकिरी बाटलीत घेतलं होतं, ते चालवलं. प्रमाण नेहमीसारखं आलं. पहिला नमुना आठवडाभर आमच्याच टेबलावर पारदर्शक बाटलीत अर्धा भरून पडला होता, यंत्र बंद असल्यामुळे. अल्फा आणि बीटा टर्मेरोन हवेत, उजेडात ऑक्सिडाइज होऊन अर-टर्मेरोनकडे जातात. म्हणजे यंत्रातल्या हवेने नाही, बाटलीतल्या हवेने. नमुना बिघडायला उशीर कारणीभूत, आणि उशीर माझ्याकडून. तिला तसं सांगितलं आणि शनिवारच्या रांगेतले सगळे जुने नमुने बाद करायला लावले. तीन जणांना पुन्हा तेल काढावं लागणार आहे. थांबलेले नमुने आता काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवायचे.

बुधवार, १२ मार्च

हेलियमचा सिलिंडर संपत आला होता, बदलला. तासाने ट्यून: २८ चा पीक ५ वरून १२. एका क्षणासाठी हातपाय गळाले.

प्रवाह दुप्पट केला. या वेळी २८ ची उंचीही जवळजवळ दुप्पट झाली. म्हणजे हवा हेलियमबरोबर येतेय. एमएसला हात लावायचं कारणच नाही. आठवड्यापूर्वी हे कळलं नसतं तर मी आजही इंटरफेसचा नट आवळत बसले असते.

रेग्युलेटर जोडल्यावर त्याच्या पोटात जी हवा अडकते ती मी बाहेर काढली नव्हती. सिलिंडर थोडा उघडून बंद करायचा, दाब सोडून द्यायचा, असं पाच-सहा वेळा करून मगच नळी जोडायची असते. मी एकदाच केलं होतं. हेलियम डिटेक्टरने सिलिंडरचा नट, नळीचे सांधे, इंजेक्टर सगळं तपासलं. या बाजूला दाब असतो, गॅस बाहेर पडतो, त्यामुळे इथे डिटेक्टर चालतो. सिलिंडरच्या नटाशी थोडी गळती होती. वॉशर बदलला. रेग्युलेटर हेलियमनेच नीट धुऊन घेतला. मग स्प्लिट व्हेंटमधून (इंजेक्टरच्या बाहेर जाणाऱ्या वाटेतून) मिनिटाला १०० मिली अर्धा तास सोडलं. २८ उतरत गेला. ऑक्सिजन ट्रॅपच्या (हेलियममधला ऑक्सिजन शोषणाऱ्या) नळीतला रंग मात्र वरचा एक पट्टा सोडून बदललेला दिसला. ट्रॅप आज ना उद्या घ्यावाच लागेल.

गुरुवार, १३ मार्च, होळी

२८: ३.१. ३२: ०.७. पाणी: १.८. मल्टिप्लायरचं (आयनांचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाचं) व्होल्टेज ३ तारखेपेक्षा खाली. कोरा रन (नमुन्याशिवाय) चालवला, शेवटी २०७ फेब्रुवारीतल्यापेक्षा थोडा वर, पण स्थिर. कॉलमचं थोडं आयुष्य गेलंच. यंत्र चालू ठेवून घरी. धुळवडीला कुणी बंद करू नये म्हणून दारावर चिठ्ठी लावली.

सोमवार, १७ मार्च

ट्यून: २८ चा पीक ३.३. नटावरची रेघ जागेवर. बाद केलेल्या नमुन्यांपैकी पहिले दोन ताज्या तेलाने पुन्हा लावले.

खर्च, आमच्या बिलांप्रमाणे: फिलामेंट १९,५००, फेरूलची दहाची पाकिटं दोन मिळून १४,०००, ओ-रिंग १,८००, सेप्टम आणि लायनरची ओ-रिंग मिळून अंदाजे ९००, वॉशर आणि रिक्षा ५५०. वाया गेलेला हेलियम यात धरलेला नाही. फिलामेंट आणि एक फेरूल मंगळवारच्या त्या जास्तीच्या आवळण्याचे.

सोमवार, २४ मार्च

अठरा रन झाले. २८ चा पीक ४.६ वर होता. ओव्हन थंड करून नट रेघेपासून एक मिलिमीटरभर सरकवला, २८ चा पीक ३.२. विद्यार्थिनीचे पेवातल्या हळदीचे सहाही नमुने आज पूर्ण झाले. अरगॉनचा सिलिंडर दुपारी कुपवाडला परत केला.